मी पाहिले तेवढेच सांगितले

पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबणारे गुरुजी, अशी गोदाकाठी माझी ओळख होती. दहाव्याच्या दिवशी पिंड मांडून झाला की घरची माणसे हात जोडून दूर उभी राहतात आणि कावळ्याची वाट पाहतात. कावळ्याने चोच लावली म्हणजे गेलेल्याचा जीव कशात अडकलेला नाही, तो तृप्त होऊन पुढे निघाला, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. नाहीच शिवला, तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावायचा, ही सोय आहे. हल्ली ती अर्ध्या तासातच वापरतात. यजमानांची बस खोळंबलेली असते, कोणाची रजा संपत आलेली असते, आणि पुढच्या घरचे लोक जागा मोकळी होण्याची वाट पाहत मागे उभे असतात.

मी मात्र थांबत आलो. चैत्रातल्या उन्हात थांबलो, श्रावणात छत्री धरून थांबलो. कारण त्या वाट पाहण्याच्या वेळात माणसे जे बोलतात ते एरवी त्यांच्या तोंडून निघत नाही. कावळा येईना की कोणीतरी पुढे होतो आणि गेलेल्या माणसाला शब्द देतो. नातीचे शिक्षण थांबवणार नाही. आईला एकटे ठेवणार नाही. धाकट्याशी बोलणे टाकले होते, ते पुन्हा सुरू करीन. मोठमोठ्या पदांवरची माणसे ओल्या वस्त्रांनिशी उभी राहून हे बोलताना मी पाहिली आहेत. दर्भाला घाई करणे म्हणजे माणसाला खरे बोलण्याची त्याची एकमेव संधी नाकारणे, असे मला प्रामाणिकपणे वाटत असे.

बालपणी आठ वर्षे पाठशाळेत काढली. तेथे जे शिकलो त्याला मी काही नावे ठेवणार नाही. आजही पहाटे संथा म्हटल्याखेरीज पाणी घेत नाही. परंतु जगात वागताना ज्या नियमाचा मी आधार घेतला तो मला कोणी शिकवला नव्हता. तो माझा मी केला होता. असत्य बोलायचे नाही, आणि विचारल्यापलीकडे बोलायचे नाही. नियमाचा दुसरा भाग तरुणपणीच्या एका अनुभवातून आला. एका घरी श्राद्धाच्या पानावर बसलो असता, मागच्या वर्षी याच दिवशी मोठ्या भावाने वेगळे श्राद्ध केले होते हे मी सहज बोलून गेलो. धाकट्याला ते ठाऊक नव्हते. पुढे ती दोन घरे कायमची तुटली. तेव्हापासून ठरवले की खरे असले तरी ते मागितल्यावाचून द्यायचे नाही. नियम लहानसा होता, पण त्यावर आयुष्य रेटता येईल असा मला विश्वास वाटला, आणि रेटलेही.

नित्याच्या व्यवहारात त्याची गंमतच अधिक होई. शेजारच्या वहिनी सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या. तो खाली लागला होता. कसा झाला म्हणून त्यांनी विचारले. मी म्हणालो, तूप अगदी सढळ हाताने घातले आहे. त्या प्रसन्न झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटीभर घेऊन आल्या. आमच्या सोसायटीच्या सभेत एकदा पाण्याच्या मोटारीचा विषय निघाला. मोटार चालू राहून टाकी तासभर वाहत होती. अध्यक्षांनी विचारले, कोणी पाहिले आहे का. मी उभा राहून सांगितले की आमच्याच घरातून बटण दाबले गेले होते आणि ते बंद करायला आमची ही विसरली. हिने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "अहो, खरं बोलण्यात तुमचं काय जातं? जातं ते नेहमी दुसऱ्याचंच."

मी हसलो होतो. तिच्या बोलण्याला धार असते, आणि त्या धारेचे मला कौतुकही वाटत आले आहे. त्या दिवशी मी फक्त कौतुक केले.

ज्या घराविषयी लिहायला बसलो आहे ते सिडकोतले. घरातले गृहस्थ ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे, सरळ. त्यांच्या घराची वास्तुशांत मी केली, त्यांच्या पत्नीचे दिवस मी केले, दोन्ही मुलांच्या लग्नांत मंगलाष्टके मी म्हटली. खाली दोन खोल्या आणि वर पुढे बांधलेली एक खोली, असे ते घर. थोरला मुलगा पुण्याला, धाकटा इथेच गंगापूर रोडकडे स्वतःच्या फ्लॅटमध्ये. दोघांहून मोठी एक बहीण. तिला दोघेही ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणत असे. तिचे लग्न झाले नाही. आधी आईच्या आजारपणाने वेळ गेली, आणि आई गेल्यावर वडिलांची डावी बाजू गेली. सात वर्षे त्या माणसाला तिने अंथरुणात कूस बदलून दिली. सात वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. एवढे सांगितले म्हणजे जाणत्या माणसाला पुरे.

गृहस्थ वैशाखात गेले. दहाव्याला घाटावर पंचवीस-तीस माणसे होती. स्त्रिया मागे पायऱ्यांवर उभ्या होत्या. हल्ली त्याही येतात आणि यावे हेच बरे. थोरल्याने विधी केला. पिंड मांडला, सर्व मागे सरले. समोरच्या भिंतीवर कावळे होते, पण एकही हलेना. पाऊण तास गेला. थोरल्याने पुढे होऊन सांगितले की बाबा, काळजी करू नका, सगळे नीट करू. धाकट्याने सांगितले की आम्ही दोघे भाऊ एक राहू. कावळे भिंतीवरच. ऊन चढत गेले, एका वृद्ध काकूंना घेरी आली म्हणून त्यांना सावलीत नेले. बसचा ड्रायव्हर वरून दोनदा डोकावून गेला. थोरल्याने माझ्याकडे पाहिले. दर्भ घ्या, असे त्या पाहण्यात होते. मी मान हलवली. अजून थोडे थांबू, म्हणालो.

तेव्हा मुलांचा मामा, येवल्याहून आलेला, मागून जरा कडक आवाजात म्हणाला, "अरे, सगळं बोललात. ताईचं कोण बोलणार?"

मग धाकटा पुढे झाला. हात जोडले आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाबा, ताईला त्या घरातून कोणी हलवणार नाही. ती असेपर्यंत घर तिचं."

आणि कावळा आला.

आता मी जे पाहिले ते सांगतो. सर्वांच्या नजरा भिंतीवर होत्या. माझी पिंडावर होती, कारण चाळीस वर्षे मला तेथेच पाहण्याची सवय. आमच्या शेजारी दुसऱ्या एका घरचा विधी नुकता आटोपला होता. त्यांच्यातली एक म्हातारी बाई आमची अडचण कधीची पाहत होती. धाकट्याचे बोलणे चालू असतानाच तिने पिशवीतून मूठभर शेव काढली आणि पिंडाच्या पानापाशी हलकेच टाकली. वाईट हेतूने नव्हे. बिचारीला आमची दया आली असावी. कावळा त्या शेवेला उतरला. दोन तुकडे टिपले, आणि तिसऱ्याला वळताना त्याची चोच पिंडाला लागली.

मी म्हणालो, "शिवला."

ते असत्य नव्हते. लोकांनी हात जोडले, कोणी डोळे पुसले. मामाने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. ताई पायऱ्यांवर खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. हे सर्व पाहून मला, खरे सांगायचे तर, समाधान वाटले. आपण दर्भाला घाई केली नाही, म्हणून एका एकट्या बाईचे छप्पर आज नक्की झाले, असे मनात आले. घरी जाताना रिक्षात मी हाच विचार करीत होतो. शेवेचा विचार मनात आला नाही असे नाही. तो आला, आणि मी त्याला बाजूला बसवला.

तेराव्याला गोडजेवण झाले. पंगत उठल्यावर बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ ताईशी बोलत होते. मी आत शिधा बांधून घेत होतो, पण दार उघडेच होते. थोरला समजावत होता. घर तिघांच्या नावावर राहिले तर पुढे प्रत्येक कागदाला तीन सह्या लागतील. ताई एकटी, तिच्यामागे कोणी नाही, उद्या काही झाले तर मुलांना कचेऱ्यांचे खेटे. त्यापेक्षा तिने हक्क सोडल्याचे लिहून द्यावे. राहायचे तर ती तेथेच आहे, त्यात बदल नाही. त्याच्या आवाजात कपट नव्हते. आजही मी म्हणेन की तेव्हा ते नव्हतेच. माणसाच्या मनात कपट कधी येते हे त्यालाही पुष्कळदा नंतरच कळते.

ताई आत आली. माझ्या पिशवीत तांदळाची पुडी नीट ठेवली. मग हळू आवाजात तिने विचारले, "गुरुजी, कावळा शिवला तेव्हा बाबांनी ऐकलं असेल ना?"

बाहेर काय चालले आहे ते मी ऐकले होते. ती हे का विचारते आहे ते मला कळले होते. माझ्या उत्तरावर ती काय करणार आहे, हेही. एवढे सगळे ठाऊक असून मी माझा नियम काढला. बाबांनी ऐकले की नाही, हे मला ठाऊक नाही. त्याविषयी बोललो तर असत्य होण्याचा संभव. शेवेविषयी तिने विचारलेले नाही. कागदाविषयी तर नाहीच नाही. एका दुःखी मुलीच्या श्रद्धेला मी आपणहून का धक्का लावावा?

मी म्हणालो, "कावळा शिवला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"मग झालं," ती म्हणाली, आणि हात पुसून बाहेर गेली.

दोन दिवसांनी तिने निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. मला हे मामांकडून कळले. त्यांनी मोठ्या समाधानाने फोन केला होता. म्हणाले, तुम्ही दर्भ घेतला असता तर पोरगा बोललाच नसता. मी त्यांचे कौतुक ऐकून घेतले.

चार महिनेही पुरते झाले नव्हते. एका दुपारी ताई आमच्या दाराशी उभी राहिली. आत ये म्हटले तरी चपला काढायला तिला वेळ लागला. घराचा सौदा झाला होता. घेणाऱ्याला ते रिकामे हवे होते. धाकट्याच्या मुलाला बाहेर शिकायला पाठवायचे ठरले होते, थोरल्याची आणखी काही नड होती. त्यांच्या अडचणी खोट्या नव्हत्या. ताईने सहा महिने पुण्याला राहावे आणि सहा महिने गंगापूर रोडला, असे दोघांनी आपसात ठरवले होते. तिला ते नको होते. भावजयांविषयी ती वावगे बोलली नाही. उरलेले आयुष्य पाहुणी म्हणून काढायचे नाही, एवढेच म्हणाली. मग म्हणाली, "वकिलाकडे जाऊन आले. सही केल्यावर काही राहत नाही म्हणाला. तुम्ही तिथे होतात, गुरुजी. तुम्ही धाकट्याला एकदा आठवण द्या. तो तुमचं ऐकेल."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. धाकट्याने मला पाहून खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला. आतून त्याच्या पत्नीने ओरडून सांगितले की गुरुजींना लाडू द्या, सोवळ्यातले आहेत. तो समोर बसला. "तुम्ही कशाला आलात ते कळलं मला. ताई आली होती ना?"

मी म्हणालो, आली होती. दहाव्याला तू काय बोललास ते मी ऐकले आहे, तुझ्या बहिणीने ऐकले आहे, घाटावरच्या सगळ्यांनी ऐकले आहे.

"नाही कुठे म्हणतोय मी? बोललो. पण तुम्ही होतात ना तिथे? काकू खाली बसलेल्या, दादाला घाई झालेली, मामा मागून टोचतोय. कावळ्यासाठी माणूस वाट्टेल ते बोलतो, गुरुजी. तुम्ही तर रोज ऐकता."

"रोज ऐकतो. म्हणून ते खोटे धरायचे?"

त्याने लाडवाची बशी माझ्यापुढे सरकवली. मग शांतपणे, अगदी आदराने म्हणाला, "बरं, तुम्हालाच विचारतो. अख्खं सिडको म्हणतं, गुरुजी खोटं बोलत नाहीत. तो कावळा मी बोललो म्हणून आला होता का?"

असा सरळ प्रश्न मला चाळीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. सोळा आणे सरळ. तो ज्याच्या लाभासाठी विचारला जात होता तो समोर बसला होता, आणि जिच्या हानीसाठी विचारला जात होता ती सिडकोतल्या घरी माझी वाट पाहत होती. परंतु प्रश्न विचारला गेला होता. माझ्या नियमाला एवढेच कळत होते.

"शेजारच्या एका बाईने शेव टाकली होती," मी म्हणालो. "तो शेवेला उतरला. पिंडाला चोच ओझरती लागली."

तो हसला. कुचेष्टेने नाही. फार दिवस उचललेले ओझे कोणीतरी उतरवून घेतल्यावर माणूस हसतो तसा.

मी घाईने म्हणालो की त्याने काही बदलत नाही, कावळा आला नसता तरी शब्द हा शब्दच.

"शब्द कोणाला दिला होता? बाबांना. आणि बाबांनी ऐकलाच नाही, हे तर तुम्हीच सांगताय."

मी तसे म्हणालो नव्हतो. कावळा कशाला आला एवढेच म्हणालो होतो. पण कावळा आला म्हणजे गेलेल्याने ऐकले, हे मी चाळीस वर्षे लोकांना मानू दिले होते. त्याच्यावर माझी ख्याती उभी होती, दक्षिणाही. आता तो शेवेला आला म्हणजे गेलेल्याने ऐकले नाही, असे एखाद्याने मानले, तर ते मी कोणत्या तोंडाने नाकारणार होतो? मी लाडू न खाता उठलो. लाडू न खाणे, एवढाच माझा निषेध.

मी घरी पोचण्यापूर्वी त्याचा ताईला फोन गेला होता. गुरुजींनीच सांगितले, शेवेला आला होता. ताईने मला काही विचारले नाही. ती आलीच नाही.

हिला मी सगळे सांगितले. ती गहू निवडत होती. निवडणे न थांबवता तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "तिने विचारलं तेव्हा ही शेव कुठे गेली होती?"

मी म्हणालो, तिने शेवेचे विचारले नव्हते.

हिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. पन्नास वर्षांच्या संसारात मी तिचा राग पाहिला आहे, रुसवा पाहिला आहे. त्या पाहण्यात दोन्ही नव्हते. परक्या माणसाकडे पाहावे तसे ते पाहणे होते. मग ती पुन्हा गव्हाकडे वळली.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. विचार करणे हा माझ्यासारख्याला सुचणारा पहिला उपाय आणि बहुधा शेवटचाही. दोन्ही वेळा मी खरे बोललो होतो. एकदा अपुरे आणि एकदा पुरते. अपुऱ्याने ताईचा हक्क गेला, पुरत्याने तिचा आधार. ज्याने फसवले त्याला माझ्या सत्याचा उपयोग झाला, आणि जिला त्याची गरज होती तिला त्याचा तुकडा देऊन मी वाटेला लावले. का? धाकट्याने विचारले कसे आणि ताईने विचारले कसे, यात फरक होता म्हणून? नाही. ताईला खरे सांगितले असते तर त्या घरातल्या बाहेरच्या खोलीत वाद उसळला असता, मी मध्ये ओढला गेलो असतो, आणि शिधा अर्धवट बांधलेला राहिला असता. माझ्या नियमाने मला असत्यापासून राखले असे मी समजत होतो. त्याने मला राखले ते अडचणीपासून. आयुष्यभर मी नियम पाळीत नव्हतो. नियम मला पाळीत होता, एखाद्या घरच्या जनावराप्रमाणे, वेळेवर चारा घालून.

ताईने घर सोडले ते दसऱ्याच्या आधी. भावांकडे ती गेली नाही. इंदिरानगरात एका वृद्ध बाईंना सांभाळायला रात्रंदिवसाचे माणूस हवे होते. ती तेथे लागली. राहायला जागा मिळते म्हणून. सात वर्षे जे वडिलांसाठी केले, तेच आता परक्या घरी, छपराच्या बदल्यात.

वर्षश्राद्धासाठी धाकट्याचा मला फोन आला. मी नाही म्हणालो. कारण विचारले तर सांगायचे ठरवले होते. त्याने विचारले नाही. बरं गुरुजी, तब्येतीला जपा, म्हणाला, आणि त्याच दिवशी त्याने दुसरे गुरुजी ठरवल्याचे मला घाटावर समजले. श्राद्ध उत्तम झाले म्हणतात. घाटावर मी अजून जातो, पण आता अर्ध्या तासात दर्भ हाती घेतो. गुरुजी थकले, असे लोक म्हणतात.

श्राद्ध होऊन गेल्यावर एके दिवशी पत्ता विचारत मी इंदिरानगरला गेलो. तिसरा मजला, जिना चढताना दोनदा थांबलो. दार ताईनेच उघडले. केस बरेच पिकले होते. घरातली मंडळी कामावर गेली होती. आतल्या खोलीत पलंगावर वृद्ध बाई होत्या, डोळे उघडे, बोलणे नाही. ताईने मला स्टूल दिले आणि आपले काम चालू ठेवले. टॉवेल पिळला, बाईंचे हात पुसले.

मी तिला सांगितले. त्या म्हातारीने शेव टाकली ते मी पाहिले होते. तू विचारलेस तेव्हाही मला ते ठाऊक होते. बाहेर कागदाचे बोलणे चालले होते तेही मी ऐकले होते. मी सांगायला हवे होते, आणि सांगितले नाही.

तिने टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवला. "मला माहीत होतं, गुरुजी. ती बाई शेव टाकून मागे आली, ती माझ्याच शेजारी उभी राहिली. मी पाहिलं होतं."

मग तू मला का विचारलेस, असे काहीतरी मी बोललो असेन.

"पाहिलं होतं म्हणूनच विचारलं. म्हटलं, एवढं शिकलेला माणूस, खोटं न बोलणारा. शेवेला आला असेल तर सांगतील. नाही सांगितलं, म्हणजे त्यांना त्याच्यापलीकडचं काही दिसलं असेल." तिने बाईंच्या दंडाखाली हात घातला. "सही मी कावळ्याच्या भरवशावर नाही केली. तुमच्या भरवशावर केली."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. मी हात जोडले. मला क्षमा कर म्हणालो. वयाने ती माझ्या मुलीसारखी, तिच्यापुढे मी हात जोडून बसलो होतो, आणि तिला ते पाहायला वेळ नव्हता. बाईंना कुशीवर वळवायची वेळ झाली होती.

"जरा इकडून खांदा धरता का?" ती म्हणाली. "एकटीला जड जातं."

मी उठून खांदा धरला. खांदा अगदी हलका होता, नुसती हाडे. ताईने कमरेखाली उशी सरकवली, पाठीवरचा पदर सारला, पाठ निरखून पाहिली. पाठीला एकही जखम नव्हती. मग ती मोरीत हात धुवून आली आणि दारापर्यंत पोचवायला निघाली.

दारात ती म्हणाली, "परत येऊ नका, गुरुजी. या घरच्यांना कोणी आलेलं आवडत नाही."

खरे कारण तेच होते की दुसरे काही, ते मी तिला विचारले नाही.